बारा मागितल्या, सहा दिल्या

नाना, तुम्ही गेल्याचा निरोप घेऊन सोनगीरचा माणूस आला, तेव्हा मी कारखान्यात टेबलाशी बसून एका पत्रेवाल्याशी भावाची घासाघीस करत होतो. जेवणाची सुटी होती, पितळ दाबणारे प्रेस बंद होते. निरोप ऐकला आणि जे वाक्य सहा वर्षं सगळ्या जळगावात सांगत आलो, तेच सवयीने बोलून गेलो. "माणूस हाताचा चांगला होता, पण त्याची डाय वाईट निघाली."

आणि टेबलावरची वाटी तडकली.

कुणी तिला हात लावला नव्हता. पंख्याने उडू नयेत म्हणून कागदांवर ठेवलेली ती वाटी, स्टोव्हच्या पितळी टाकीचा खालचा अर्धा भाग, सहा वर्षं त्याच जागी होती. टण् असा एकच आवाज झाला आणि काठापासून बुडापर्यंत केसाएवढी चीर गेली. पत्रेवाला खुर्चीतून अर्धा उठला. "शेठ, हे काय?" मी म्हणालो, "काही नाही, जुनी आहे." सोनगीरच्या माणसाने वाटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पुढ्यात ठेवलेलं पाणी न पिताच तो निघून गेला.

ती वाटी तुमच्या डायवर निघालेली होती, नाना. त्या शेवटच्या मालातली, न फुटलेली. आल्यागेल्याला दाखवायला मी ती ठेवली होती. बघा, हिच्या सगळ्या बहिणी फुटल्या, हीच काय ती वाचली, अशी होती त्या माणसाची डाय. माझी साक्षीदार होती ती. तुम्ही गेलात त्याच दिवशी तिने साक्ष फिरवली.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा नाही. हातगाडीवर भंगार गोळा करण्यापासून सुरुवात केलेल्या माणसाला ते परवडत नाही. पण त्या दुपारनंतर मी टेबलाशी पाठ करून बसू शकलेलो नाही.

तुम्ही माझ्याकडे आलात तेव्हा माझ्याकडे एक जुना प्रेस, एक उधारीवरची मोटर आणि भरपूर आवाज होता. तुम्ही सोनगीरचे, तांब्या-पितळेच्या ठोक्यांत जन्मलेले. पितळेच्या चकतीला वाटीचा आकार देणारा पोलादी साचा, म्हणजे आमच्या भाषेत डाय, तुम्ही कानसेने आणि डोळ्याने बनवत होतात. निघालेली प्रत्येक वाटी उचलून बोटाच्या पेराने टकटक वाजवायची आणि कानाजवळ धरायची ही तुमची सवय. कारागीर हसायचे. मी ओरडायचो, "नाना, वाट्या वाजवायला ठेवलंय का तुम्हाला? देवळात जाऊन टाळ वाजवा!" तुम्ही न बघता म्हणायचात, "तू बोंब मार, भाऊ. माले हिचं आयकू दे."

एका उन्हाळ्यात वाट्यांच्या काठाला फाटी पडायला लागल्या. काही फाटायच्या, काही नाही. मला कारण लगेच कळलं, मला कारणं नेहमीच लगेच कळतात. पत्रेवाल्याने हलका माल घुसवला होता. मी त्याच्या दुकानात जाऊन असा तमाशा केला की रस्त्यावर माणसं थांबली. परत आलो तर तुम्ही कारखान्याच्या फरशीवर दिवसभराच्या वाट्या निघाल्या त्या क्रमाने मांडल्या होत्या, दारापासून पार मागच्या भिंतीपर्यंत, आणि त्या रांगेच्या कडेने अनवाणी चालत होतात. पंगतीत कोण जेवलं, कोण राहिलं, बघत जावं तसे.

"बठ्ठा फाटेल दुपारना शेतस," तुम्ही म्हणालात. सगळ्या फाटलेल्या वाट्या दुपारच्या होत्या. सकाळची एकही नाही, उन्हं उतरल्यावरची एकही नाही. पत्रा दिवसभर एकाच गठ्ठ्यातला होता. मग तुम्ही एक एक गोष्ट बदलून पाहिली. पहिल्या दिवशी प्रेसवरचा माणूस बदलला, दुसऱ्या दिवशी चकतीचा गठ्ठा, तिसऱ्या दिवशी तेलाची परात उचलून सावलीत नेली. तिसऱ्या दिवशी फाटी थांबल्या. जळगावच्या उन्हात पत्र्याच्या छपराखाली तेल इतकं पातळ व्हायचं की चकतीवर ठरायचंच नाही. परातीखाली ओलं गोणपाट घातलं आणि विषय संपला.

"एक खेपले एकच गोट बदल, भाऊ," तुम्ही मला सांगितलंत. "दोन बदल्यात तं चोर सापडस नही."

मग हसून म्हणालात, "आते जा, त्या पत्रावालानी माफी मांग."

मी माफी मागितली नाही. उलट तो घाबरलेला होता, त्याचा फायदा घेऊन पुढच्या मालाचा भाव पाडून घेतला. तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही कपाळावर हात मारलात, पण हसलात. त्या काळी तुम्ही माझ्यावर हसायचात, नाना.

आपलं भांडण शेवटच्या तावावरून सुरू झालं. पितळ दाबलं की कडक होतं, म्हणून प्रत्येक दाबानंतर वाटी भट्टीत घालून, म्हणजे ताव देऊन, नरम करावी लागते. ते मला मान्य होतं. पण शेवटचा दाब झाल्यावरही, वाटीचा आकार पूर्ण झाल्यावरही, तुम्ही तिला पुन्हा मंद आचेवर ठेवायचात. रंगही बदलायचा नाही इतकी मंद. मला त्यात फक्त जळणारा कोळसा दिसायचा. वाटी आधीही तशीच, नंतरही तशीच.

"पितळ राग धरस," तुम्ही म्हणालात. "वरथीन थंडं दिखस, पन मझार राग ऱ्हास. शेवटना ताव दे तिले. ती निवांत व्हई जाई."

"राग मलाही येतो, नाना. मला कोण ताव देतं?"

"तुले कोन देई? भट्टी पुरावनार नही."

सगळे कारागीर हसले. मी दुसऱ्या दिवशी शेवटचा ताव बंद करायला लावला. खरं सांगायचं तर त्या हसण्यामुळेच.

आणि काहीही झालं नाही. एक वर्ष गेलं. हजारो वाट्या धुळ्याच्या व्यापाऱ्याकडे गेल्या, त्याने टाक्या जोडल्या, विकल्या. एकही फुटली नाही. मी तुम्हाला महिन्यातून एकदा तरी विचारायचो, "काय नाना, आला का राग?" तुम्ही वाटी वाजवायचात, ऐकायचात आणि खाली ठेवताना एकदा माझ्याकडे बघायचात.

माल वाढला, जागा पुरेना. मेहरूणला तलावाच्या अंगाला एक गोदाम मी अगदी पडत्या भाड्यात मिळवलं. मालकाला तासभर बोलूच दिलं नाही आणि भाडं पाडून घेतलं. स्वस्त का होतं, ते उघड होतं. मागच्या भिंतीला लागून म्हशींचा मोठा गोठा होता, वास यायचा. वासाने पितळेचं काय बिघडतं, असं मी म्हणालो होतो. तुम्ही तेव्हा तिथे नव्हता. तुम्ही डाय घासून पुन्हा चकचकीत करत बसला होता. हे मी मुद्दाम लिहितोय. त्याच महिन्यात डाय घासली गेली आणि त्याच महिन्यात माल गोदामात गेला. दोन गोष्टी एकदम बदलल्या.

गोदामातला राखणदार पहिल्यांदा आला तो नोकरी सोडायलाच. म्हणाला, "शेठ, आत कुणी तरी वाट्या वाजवतं." मी त्याला शिव्या दिल्या. वीज बंद असायची त्या आठवड्याच्या सुटीच्या दिवशी भरदुपारी तुम्हाला घेऊन मी स्वतः गेलो. बाहेर लख्ख ऊन होतं, तलावावर बायका धुणं आपटत होत्या. कुलूप काढलं, आत गेलो, दार लोटलं.

आधी काहीच नाही. मग मागच्या भिंतीकडून, टण्. जरा वेळाने, टण्. मग अलीकडच्या रांगेत एक. कुणी तरी रांगेरांगेने हळूहळू चालत येतंय आणि बोटाच्या पेराने एकेक वाटी वाजवत येतंय, असं वाटावं असे ते आवाज. माझ्या अंगावर काटा आला, कारण तो ठोका मला ओळखीचा होता. तो तुमचाच होता. आणि तुम्ही तर माझ्या शेजारी उभे होतात, दोन्ही हात पाठीशी बांधून.

आपण कंदील लावून पाहिलं. भिंतीकडच्या रांगांत वाट्याच वाट्या फुटलेल्या. काठापासून खाली सरळ चीर आणि चिरेच्या जागी काठ किंचित उघडलेले, काही बोलायला तोंड उघडावं तसे. आपल्या देखत आणखी एक फुटली. तिला हातही लागला नव्हता. तुम्ही तिच्यासमोर बसलात आणि बराच वेळ बसून राहिलात. तुम्ही घाबरला नव्हता, नाना. तुमचा चेहरा लेकराला ताप का आला हे न कळलेल्या माणसासारखा झाला होता.

मी ओरडलो, "डाय! तुम्ही डाय घासली तेव्हापासून हे सुरू आहे!"

"डाय निर्दोष शे."

"मग ताव म्हणाल. ताव बंद करून वर्ष झालं, तेव्हा का नाही फुटल्या?"

तुम्ही फुटलेली वाटी उचलून उलटसुलट करून बघू लागलात. मला तेवढंच हवं होतं.

त्यानंतर चौथ्या दिवशी धुळ्याचा व्यापारी माल उचलायला आला. मी फुटलेल्या वाट्या बाजूला काढून उरलेला माल पुढे मांडला होता. माझा हिशेब सोपा होता. फुटायच्या त्या फुटल्या, राहिल्या त्या चांगल्या. त्याने सहज तुम्हाला विचारलं, "काय नाना, माल बरा ना?" आणि तुम्ही माझ्या तोंडावर, माझ्या गिऱ्हाइकाला सांगितलंत, "ली जाऊ नको. हाऊ बठ्ठा माल थांबाडी दे. यान्हामा राकेल भरतीन लोकं, चूल्हाजोडे ठेवतीन."

तो माल न उचलता गेला. परत कधी आला नाही.

गिऱ्हाइकासमोर मालकाचं बोलणं तोडू नये, यावर मी अजूनही ठाम आहे. मला बाजूला घेऊन सांगता आलं असतं. तुम्ही म्हणाल, बाजूला घेऊन वर्षभर सांगितलं. असू दे. ही माझी तक्रार आहे, ती मी तुमच्यासोबत जाळलेली नाही.

मी तुम्हाला सगळ्यांसमोर काय काय बोललो, ते इथे लिहिणार नाही. तुम्ही कानशी पिशवीत भरल्यात आणि दारात थांबून एवढंच म्हणालात, "माले बारा वाट्या दे. ताव न देयेल."

मला वाटलं, मोडीत विकाल. आणि माझी जीभ तर अशी की मरणाच्या दारातही घासाघीस करील. "बारा कशाला? सहा घ्या."

"सहामा अर्धंच समजी," म्हणालात आणि सहा घेऊन गेलात.

मी नवी डाय करून घेतली. व्यापारी गेला तसं गोदामही सोडून दिलं, माल थोडा होता, तो कारखान्यातच राहू लागला. त्यानंतर एकही वाटी फुटली नाही. नवी डाय, फूट बंद. याहून मोठा पुरावा कोणता? मी तो प्रत्येक प्रेसवाल्याला, प्रत्येक पत्रेवाल्याला सांगितला. नशिराबादच्या एका कारखानदाराने तुमच्याकडे डाय बनवायला टाकायचं ठरवलं होतं, त्याला मी स्वतः गाडी थांबवून सांगितलं. पुन्हा दोन गोष्टी एकदम बदलल्या होत्या, नाना, आणि तुमची शिकवण डोक्यात असूनही मला त्यांतली एकच दिसली. जी मला हवी होती ती.

वर्षभराने एक दिवस दरवानाने येऊन सांगितलं, "एक म्हातारा आलाय. पिशवीत काही तरी वाजतंय." मी खिडकीतून पाहिलं. तुम्ही होता. मी म्हणालो, "सांग, शेठ धुळ्याला गेलेत."

वाटी तडकली त्याच्या पाचव्या दिवशी मी सोनगीरला तुमच्या दारावर बसायला, दुखवट्याला आलो. धुळ्याहून पुढे बसमध्ये सगळा वेळ मी मनात तुमच्याशी भांडत होतो. उतरलो, किल्ल्याच्या पायथ्याशी गल्ल्यांतून पितळेचे ठोके ऐकू येत होते आणि तुमच्या घराच्या गल्लीत वळलो तसे ते थांबले. जेवणाची वेळ असेल. पण मी पुढे गेलो तेव्हा दोन्हीकडच्या ओट्यांवरून माणसं बघत होती, हातोड्या हातात धरून. मी कोण ते त्यांना ठाऊक होतं.

तुमच्या मंडळी, आक्का, दारात बसल्या होत्या. मी टोपी काढून बसलो. मग आक्का म्हणाल्या, "ते उनथात तुनाकडे."

मी मान खाली घातली.

"तू धुळाले जायेल शे असं सांगं त्यास्ले. दिनभर बठनात तुना दारशी. आखरी बस चुकनी." मग उठून म्हणाल्या, "चाल."

त्यांनी मला घरामागे तुमच्या म्हशीच्या गोठ्यात नेलं. आत अंधार होता. डोळ्यांना झोंबणारा तो वास आला आणि मी तिथेच थांबलो. मला मेहरूण आठवलं. गोदामाची मागची भिंत आठवली. अजून काही पाहिलंही नव्हतं आणि मला घाम फुटला.

गव्हाणीच्या वर फळीवर चार वाट्या होत्या. दोन फुटलेल्या, तोंड उघडून. दोन शाबूत, आणि त्यांच्या बुडाला तुम्ही पोलादी पंचाने एक ठिपका ठोकला होता. "त्यास्ले ताव देयेल शे," आक्का म्हणाल्या. मग घरात, देवाच्या कोनाड्याशी उरलेल्या दोन. बिनठिपक्याच्या, ताव न दिलेल्या, आणि शाबूत.

मला लिहिता-वाचता येतं, पण इतकं स्वच्छ लिहिलेलं मी आयुष्यात काही वाचलेलं नाही. ताव नाही आणि गोठा, तर फुटली. ताव दिला आणि गोठा, तर टिकली. ताव नाही पण गोठाही नाही, तर टिकली. नुसत्या रागाने ती फुटत नव्हती आणि नुसत्या गोठ्यानेही नाही. दोन्ही एकत्र आले तरच. ताव मी बंद केला होता. गोदाम मी घेतलं होतं. तुमच्या डायचं नाव त्यात कुठेच नव्हतं.

त्या पिशवीत तुम्ही हेच घेऊन आला होता.

"बाकीन्या सहा कसाले पाहिजे व्हत्यात?" मी तुमच्याच बोलीत विचारलं. मला दुसरं काही सुचेना.

"माले बी सांगं नही त्यास्नी," आक्का म्हणाल्या. "पन घडीघडी म्हनेत, अर्धंच समजनं, अर्धंच समजनं."

राहिलेलं अर्धं काय होतं, नाना? मी रोज विचार करतो. म्हशीच्या वासात नेमकं काय असतं ते? किती दिवसांत फुटते ते? की काही वाट्या त्यातूनही का वाचतात ते? माझ्या टेबलावरची वाचलीच होती की सहा वर्षं. परत आल्यावर मी शोध घेतला. शेजारच्या गाळ्यात महिन्याभरापूर्वी खताची पोती येऊन पडली आहेत, वास तसाच झोंबणारा आहे. म्हणजे जागेचं कारण सापडलं. पण महिनाभर गप्प राहून ती नेमकी त्या वाक्यावर का वाजली, याचं कारण मला सापडलेलं नाही. तुम्ही असता तर फरशीवर दिवस मांडून कडेने चालत गेला असता.

मी आक्कांना म्हणालो, "या सहाही वाट्या मला द्या. ज्यांना ज्यांना मी तुमच्याबद्दल सांगितलं, त्या सगळ्यांना नेऊन दाखवतो."

"सहा नही," आक्का म्हणाल्या. "तू बाराना सहा करात. मी सहाना तीन करस. तीन ली जा."

मी तोंड उघडलं आणि मिटलं. आयुष्यात पहिल्यांदा सांगितलेल्या आकड्यावर मी मान डोलावली.

त्या तीन वाट्या मी दारोदार नेल्या. नशिराबादला गेलो. पत्रेवाल्यांकडे गेलो, त्यातल्या जुन्या एकाची तर दुहेरी माफी मागायची होती, तीही मागितली. काहींनी ऐकलं, काही म्हणाले, शेठ, आता काय उपयोग. म्हणून हे छापायला देतोय, म्हणजे मी ज्याला विसरलो असेन त्याच्याही वाचनात येईल. सोनगीरच्या नानांची डाय निर्दोष होती. माल माझ्यामुळे फुटला.

तिन्ही वाट्या आता माझ्या टेबलावर आहेत. एक फुटलेली, एक ठिपक्याची आणि एक कोनाड्यातली, ताव न दिलेली, अजून शाबूत. पलीकडे खताची पोती आहेत. ही तिसरी इथे ठेवली तर एक ना एक दिवस काय होणार, ते मला कळतं. लोक म्हणतात, घरी नेऊन ठेवा. मी नेत नाही. जेवणाच्या सुटीत प्रेस थांबले की मी तिला पेराने हळूच वाजवतो, कानाशी धरतो. मला अजून त्यातलं काही ऐकू येत नाही. पण कधी कधी हात काढून घेतल्यावरही एक ठोका जास्त पडल्यासारखा वाटतो.

दरवानाला मी सांगून ठेवलं आहे. दुपारी कुणीही आलं, पिशवी घेऊन आलं, तर परत पाठवायचं नाही. ती वाजेल त्या दिवशी, नाना, मी धुळ्याला गेलेलो नसेन.